मॉस्किटोचे सरकलेले शेजारी

१. रिकामी जागा

रविवारी सकाळी आमच्या ह्यांनी अशी काही किंकाळी फोडली की मला वाटलं, झालं, पडले न्हाणीघरात. हातातलं काम टाकून मी बाहेरच्या खोलीत धावले. वाटेत ते बुटकं स्टूल आडवं आलं, पायाचा अंगठा सणकून ठेचकाळला, आणि “आई गं!” म्हणत वर बघते तर हे धडधाकट उभे. काचेच्या कपाटासमोर. एका हातात माझा पावडर लावायचा ब्रश, दुसरा हात कपाळावर.

“गेलं! माझं मॉस्किटो गेलं!”

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच रागही आला. इथं माझा अंगठा टम्म सुजलाय आणि ह्यांना विमानाची पडलीय.

पण तुम्हाला आमचं घर माहीत नाही, तेव्हा आधी ते सांगते. ह्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आता निवृत्त झालेत आणि सगळा वेळ त्या कपाटाला. कपाटात छोटे छोटे रणगाडे आणि लढाऊ विमानं. घरी बसून गोंदानं जोडायची असतात ती नव्हेत हं! ती गोंदवाली मंडळी वेगळी, त्यांचं नि ह्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ह्यांची मॉडेलं तयार येतात, धातूची ओतलेली, कारखान्यातच रंगवलेली, पुढून खिडकी असलेल्या डब्यात ऐटीत बसून. खालच्या लाकडी फळ्यांवर रणगाडे, वरच्या काचेच्या फळ्यांवर विमानं. दर रविवारी हे ब्रशनं धूळ झाडतात. नुसती झाडतात, उचलत काही नाहीत. बोटांचं तेल लागतं म्हणे. बाकी कोणी हात लावायचा तर प्रश्नच नाही. कपाटाचं कुलूप कधीचं बिघडलंय, पण ह्यांच्या नजरेपुढे कुलपाची गरजच पडली नाही.

आणि मॉस्किटो म्हणजे त्या कपाटातलं सगळ्यांत थोरलं. दुसऱ्या महायुद्धातलं दोन इंजिनांचं विमान, तळहातावर मावेल एवढं. दुकानाच्या पहिल्या कमाईतून ह्यांनी घेतलेलं, म्हणजे माझ्याही आधी घरात आलेलं. सवतच म्हणा ना. सगळ्यांत वरच्या फळीवर, मधोमध, मान ताठ करून उभं असायचं. आज तिथं नुसती काच होती.

“काल ह्या खोलीत एकटं कोण बसलं होतं?” ह्यांनी विचारलं.

कोण बसलं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या लेकीनं लग्नासाठी पसंत केलेला मुलगा काल पहिल्यांदाच घरी आला होता. गुरांचा डॉक्टर आहे. खुर्च्या कमी पडल्या तर बिचारा आपणहून त्या बुटक्या स्टुलावर बसला, तेव्हाच मला आवडला. गप्पा झाल्या, ह्यांची मॉस्किटोची गोष्ट सांगून झाली, मग मी सगळ्यांना मागच्या गॅलरीत माझ्या कुंड्या दाखवायला नेलं. त्याला फोन करायचा होता म्हणून तो मागे राहिला. आम्ही परत येतो तर हा दारात बूट घालतोय! कुठल्याशा गोठ्यात गाय अडली होती. अर्धा चहा टाकून पळाला.

“गाय म्हणे!” हे गरजले. “विमान खिशात घालून गायीच्या नावानं पळ काढला त्यानं. हे लग्न होणार नाही. सांगून ठेवतो!”

लेक दात घासता घासता बाहेर आली होती. तोंडात फेस, डोळ्यांत आग. “बाबा! एका टिनपाट विमानापायी तुम्ही त्याला चोर म्हणताय?”

“टिन नाही! जस्त!”

तिनं तिथंच त्याला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. फोन क्षेत्राबाहेर.

“फरार,” हे म्हणाले.

लेकीनं खोलीत जाऊन दार असं आपटलं की खालच्या फळीवरचे रणगाडे हलले. तिचं मन मी ओळखते. आज बापानं हा शब्द मागे घेतला नाही, तर ती त्याच्याशी लग्न करील, पण ह्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. मी अंगठ्याला बर्फ लावला आणि वन्संना फोन केला.

२. शेजारी कुठं चालले?

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. उभा जन्म विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांची तपासणी करण्यात गेला. जळालेली गोदामं, बुडालेल्या बोटी, चोरीला गेलेले आणि मग गादीखाली सापडलेले हार. खोटं बोलणारा माणूस त्यांना नुसत्या खोकल्यावरून कळतो. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची धास्ती वाटायची. आता आठवडाभर भांडण झालं नाही तर करमत नाही.

आल्या आल्या मला म्हणाल्या, “चहा टाक. आणि अंगठा वर ठेवून बस.” मग ह्यांच्याकडे वळल्या, “आणि तू रे, हात चोळणं थांबव. कातडी निघेल.”

रिकाम्या जागेकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. बघितलं ते शेजाऱ्यांकडे.

“ही दोन्ही बाजूंची कुठली?”

“स्पिटफायर आणि हरिकेन.”

“अशीच पार टोकाला असतात?”

ह्यांनी चष्मा सावरला. “नाही... सगळ्यांत सारखं अंतर असतं. मी पट्टीनं मोजून ठेवतो.”

खरंच की! दोन्ही विमानं रुसलेल्या पाहुण्यांसारखी फळीच्या दोन कडांना जाऊन बसली होती.

“चोराचा धक्का लागला असेल, अक्का.”

“धक्का लागला की वस्तू वाकडी होते. ही सरळ आहेत. अलगद उचलून ठेवलीत कोणीतरी.”

मग वन्संनी ह्यांच्या हातातला ब्रश घेतला. तो माझा आहे, हे मी पुन्हा एकदा सांगून ठेवते. रिकाम्या जागेवरून तो हळूच फिरवून त्यांनी जे निघालं ते पांढऱ्या कागदावर घेतलं. करडा भुगा, मिठाहून बारीक.

“धूळ ती,” हे म्हणाले. “ती फळी झाडायची राहिलीय अजून.”

कागदाची घडी घालून वन्संनी ती मुठीत ठेवली. “आणि प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात ह्या पांढऱ्या पुड्या कसल्या?”

“ओल शोषून घेतात. दमट हवा बाधते मॉडेलांना.”

“ह्या फळीवरची कुठाय?”

नव्हती. चारी कोपरे बघितले, नव्हती. “पुडीसुद्धा नेली?” ह्यांना संताप अनावर झाला. “भुरटा कुठला!”

“बरं, ते स्टूल सकाळी कुठं होतं?”

मी अंगठा वर करून दाखवला. “इथं. कपाटाच्या पुढ्यात. आणि काल पाहुणे यायच्या आधी मी ते भिंतीशी ठेवलेलं होतं, बरं का.”

वन्संनी स्टूल बरोबर तिथंच आणलं, त्यावर बसल्या आणि मान वर केली. काचेच्या फळीवरच्या विमानांकडे खालून बघत बसल्या. बघताहेत, बघताहेत, माझा चहा उकळून उकळून काढा झाला. मग त्यांना हसू आलं.

“तू कधी ह्या स्टुलावर बसलायस रे?”

“मी कशाला बसू? माझी खुर्ची आहे ना.”

“हं.” त्या उठल्या. “हे चोराचं काम नाही.”

“मग कोणाचं?” हे जवळजवळ नाचायलाच लागले.

“ते कळायला मला एक माणूस हवा. तुझ्या त्या कर्नलला बोलाव.”

३. कर्नल पांढरे पडतात

कर्नल आयुष्यात कुठल्याच सैन्यात नव्हते. ह्यांच्या दुकानाला लागून त्यांचं छत्र्यांचं दुकान होतं. मिशा तेवढ्या पलटणीतल्या. त्यांच्याही घरी असंच कपाट आहे आणि त्यांच्याही घरी माझ्यासारखीच एक बाई आहे. आमच्या मॉस्किटोवर त्यांचा फार वर्षांचा डोळा. “मेल्यावर तरी मला दे,” असं ते दर भेटीत ह्यांना सांगतात. कोणी मेल्यावर, ते सांगत नाहीत. कालच्या चहाला तेही होते.

वन्संनी सरळच विचारलं, “काल जाताना तुमच्या हातात पिशवी होती म्हणे. विमान होतं त्यात?”

“रोप होतं! वहिनींनीच दिलेलं!” कर्नल दुखावले. मी मान डोलावली, रोप मीच दिलं होतं. “आणि ताई, मी चोरलं असतं तर आधी डबा नेला असता. बिनडब्याचं मॉडेल म्हणजे बिनदांड्याची छत्री! डबा गेलाय का विचारा त्याला.”

“डबा आहे,” हे म्हणाले. “सकाळीच खण उघडून बघितलं. सगळे रिकामे डबे खिडकी खाली करून ओळीनं आहेत, मॉस्किटोचाही. जागच्या जागी.”

“बघा! डबा सोडून जाणारा चोर म्हणजे अडाणी चोर.”

“म्हणजे तोच!” ह्यांनी मांडीवर थाप मारली. “गुरांचा डॉक्टर! त्याला डब्याची काय किंमत?”

आतल्या खोलीचं दार किंचित उघडलं आणि पुन्हा धाडकन बंद झालं. लेक ऐकत होती.

“काल तुम्ही बसला होता कुठं?” वन्सं कर्नलना म्हणाल्या.

“आरामखुर्चीत. माझे गुडघे कुठं वाकतात आता? त्या स्टुलावर बसलो तर उठवायला क्रेन लागेल.”

एवढ्यात कामाच्या मावशी झाडू घेऊन आल्या. वन्संनी त्यांनाही सोडलं नाही. “मावशी, कपाट पुसता का कधी?”

“मी? त्या कपाटाला हात लावू?” मावशींनी कानाला हात लावले. “एकदा नुसता फडका मारायला गेले, तर साहेबांनी असं बघितलं की दोन दिवस मला घास गोड लागला नाही. मी आपली फरशी पुसते. मान वर करायची नाही, भानगड नाही. आणि काल तर पाहुणे यायच्या आत घरी गेले मी.”

वन्संनी मान हलवली आणि मुठीतली कागदाची घडी कर्नलपुढे उघडली. “हे काय असेल?”

कर्नलनी चिमूटभर भुगा घेतला, दोन बोटांत चोळला. मिशा थरथरल्या. चेहरा पांढराफटक.

“हे कुठं मिळालं तुम्हाला?”

“आधी काय आहे ते सांगा.”

कर्नलनी हळूच ह्यांच्याकडे बघितलं. हे बिचारे रिकाम्या फळीसमोर पाठमोरे उभे होते. “ताई,” कर्नल कुजबुजले, “जरा मागच्या गॅलरीत येता? त्याच्यासमोर नको.”

४. गोवर

गॅलरीतून परत आल्या त्या वन्सं सरळ लेकीच्या खोलीत शिरल्या. मी लंगडत मागोमाग.

“एक सांग मला. तो मुलगा काल कपाटाकडे बघत होता का?”

“अजिबात नाही! तेच तर मी ओरडून सांगतेय, आत्या. एकदासुद्धा नाही बघितलं. बाबा मॉस्किटोची गोष्ट सांगत होते तेव्हा हा फरशीकडे बघत होता. त्याला असलं काही आवडतच नाही. म्हणून तर पसंत केला मी त्याला!”

“म्हणजे गं?”

लेकीनं नाक ओढलं. “लहान असताना ते विमान एकदा हातात द्या म्हणून मी बाबांच्या किती मागे लागले होते. रडून रडून घर डोक्यावर घेतलं. नाही म्हणजे नाहीच दिलं. तेव्हाच ठरवलं, काय वाटेल ते होवो, कपाटवाल्याशी लग्न करायचं नाही. ह्याला मी पहिल्याच भेटीत विचारलं, काही गोळा करतोस का? नाही म्हणाला.”

“लगेच म्हणाला?”

“ठसका लागला होता त्याला. तो थांबल्यावर म्हणाला.”

वन्संनी ओठ घट्ट मिटले. हसू दाबायचं असलं की त्या असंच करतात. “चल बाहेर,” म्हणाल्या.

सगळ्यांना त्यांनी बसवलं. ह्यांना त्यांच्या खुर्चीत, कर्नलना आरामखुर्चीत, लेकीला माझ्याजवळ. मावशी झाडू टेकवून दारातच उभ्या राहिल्या, त्यांना कोण हलवणार!

“चोर काय करतो?” वन्संनी सुरुवात केली. “वस्तू उचलतो आणि चालता होतो. इथं मॉस्किटो उचललं, आणि मग शेजारच्या दोघांना हळूच लांब नेऊन ठेवलं. चोर कधी शेजाऱ्यांची काळजी करतो का? सांगा बरं, घरात एका मुलाला गोवर आला तर आपण काय करतो?”

“बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत झोपवतो,” मी म्हणाले.

“बरोबर. सांगा आता, कर्नल.”

कर्नलनी घसा खाकरला. “मित्रा... तुझ्या मॉस्किटोला जस्ताचा रोग झालाय रे.”

हे खुर्चीतल्या खुर्चीत खचले. आम्हाला काही कळेना, म्हणून कर्नलनीच समजावलं. जुन्या मॉडेलांचं जस्त ओतताना त्यात चुकून शिसं मिसळलं गेलेलं असलं, तर वर्षानुवर्षांनी धातू आतून फुगतो, तडकतो आणि भुगा होऊन गळायला लागतो. औषध नाही. कितीही जपा, ते जाणारच.

“पण मला कसं दिसलं नाही?” ह्यांचा आवाज एकदम लहान झाला. “जन्मभर लोकांना चष्मे दिले मी.”

“वरचा रंग शाबूत असेल. तडे पोटाला पडले असणार,” वन्सं म्हणाल्या, आणि आवाज त्यांनीही उतरवला. “तू ते उचलत नाहीस. पोट दिसतं फक्त काचेखालून, त्या बुटक्या स्टुलावर बसून. मघाशी बसून बघितलं मी, बाकीच्या विमानांची पोटं स्वच्छ दिसतात. तू तिथं बसत नाहीस, कर्नलचे गुडघे बसू देत नाहीत, मावशी मान वर करत नाहीत. मग राहिलं कोण?”

“पण त्यानं बघितलंच नाही ना कपाटाकडे!” लेक म्हणाली.

“तेच तर गं! एवढं भिंतभर कपाट समोर असताना, ज्याला काडीचा रस नाही तोसुद्धा ‘अरे वा, छान’ म्हणतो. दारू सोडलेला माणूस बाटलीकडे पाठ करून बसतो, पाणी पिणारा नाही बसत. तुम्ही गॅलरीत गेलात आणि मग त्यानं मान वर केली. रोग दिसला. आणि आहे तो गुरांचा डॉक्टर. आजारी जनावर आधी कळपातून वेगळं काढायचं, हे त्याच्या हातात बसलेलं. स्टूल ओढलं, मॉस्किटो काढलं, शेजारी लांब केले.”

“मग नेलं कुठं त्यानं?” हे उठून उभे राहिले.

“नेलंच नाही. ओल शोषायची पुडी बरोबर घेतली, म्हणजे बंद जागेत ठेवलंय. जवळपास दुसरं एकही मॉडेल नको, अशी जागा. ह्या घरात तशी एकच आहे.”

ह्यांनी कर्नलकडे बघितलं, कर्नलनी ह्यांच्याकडे. मला मात्र चटकन कळलं, कारण मी कपाटवाली नाही.

“डबा!” मी ओरडले. “त्याचा स्वतःचा डबा!”

“काहीतरीच काय,” हे चिडले. “डबे रिकामे असतात. मॉडेल कपाटात असलं की डबा रिकामा.”

“मॉडेल कपाटात असलं की!” वन्सं म्हणाल्या. “आणि नसलं की?”

सकाळी ह्यांनी तो डबा जागच्या जागी आहे एवढंच बघितलं होतं. उघडून बघायचं मनातसुद्धा आलं नव्हतं. खण ओढला, डबा काढला, झाकण उघडलं. आत मॉस्किटो झोपलेलं, उशाला पांढरी पुडी. ह्यांनी डबाच हळूच उंच धरून खालच्या खिडकीतून बघितलं. पोटावर भेगाळलेल्या टाचेसारख्या भेगा होत्या.

मग ह्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. “अगं,” मला म्हणाले, “तो चोर नाही. तो आपल्यातला आहे!”

मी आनंदानं लेकीकडे वळले, आणि माझं हसू तिथंच विरलं. बापाचा पारा उतरला होता, लेकीचा चढत होता.

“म्हणजे कपाटवाला आहे तो,” ती म्हणाली. “आणि माझ्याशी धडधडीत खोटं बोलला. बाबा, सकाळी तुम्ही म्हणालात ना, हे लग्न होणार नाही? बरोबर म्हणालात.”

आणि दाराची बेल वाजली.

५. घे, खेळ

दारात तोच. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत गवताच्या काड्या, डोळे लालबुंद.

“काका, मला एक सांगायचंय,” उंबऱ्यातूनच सुरू झाला. “कालच सांगणार होतो. पण गोठ्यातून फोन आला, आणि तुम्ही सगळे इतके हसत हसत परत आलात की मला बोलवेना. तिकडे फोन लागत नाही. रात्रभर जीव खाली-वर होत होता माझा. मॉस्किटो त्याच्या डब्यात आहे. त्याला...”

“माहीत आहे,” हे म्हणाले. “ये आत.”

“गाय कशी आहे?” वन्संनी विचारलं.

“सुटली. कालवड झाली.” एवढ्या थकव्यातही तो हसला.

“ते सगळं ठीक,” हे म्हणाले, “पण माझी स्पिटफायर आणि हरिकेन का सरकवलीस?”

“लागण होऊ नये म्हणून.”

“लागण? अरे, तो ओतकामातला दोष! एकाचा दुसऱ्याला लागत नाही!”

“लागतो, काका.”

“लागतो!” कर्नलही उसळले. “माझे दोन पॅन्थर रणगाडे पाठोपाठ गेले, शेजारी शेजारी होते!”

“दोन्ही एकाच घाण्यातले होते तुझे! जस्त काय खोकतं का एकमेकांवर?”

“पण काळजी घेतलेली काय वाईट?” जावईबापूंचाही आवाज चढला. तिघं हातवारे करकरून भांडायला लागले. सकाळी ज्याला चोर ठरवला त्याच्या खांद्यावर हात टाकून हे त्याला जस्त शिकवत होते.

“झालं?” लेक म्हणाली. तिघं गपकन गप्प. “तुझ्याकडे किती आहेत?”

“थोडी.”

“खरं सांग.”

“कपाटभर,” तो मान खाली घालून म्हणाला. “दवाखान्यातलं ते पांढरं कपाट.”

“ते? त्यात पिसाळलेल्या कुत्र्यांची लस आहे म्हणालास! त्याच्याजवळून जाताना मी श्वास रोखून धरायचे!”

“रणगाडे आहेत गं त्यात. तू पहिल्या दिवशी म्हणालीस, कपाटवाला नको. आणि मला तू हवी होतीस.”

कर्नल मिशीआड हसले. लेक ताडताड स्वयंपाकघरात निघून गेली. मी मागे गेले. ती ओट्याला टेकून उभी होती.

“आई, तू कशी काढलीस गं इतकी वर्षं?”

“चिडून काढली,” मी म्हणाले. “अजून चिडते. पण सकाळी मी उठते ना, तेव्हा उशाशी माझा चष्मा पुसून ठेवलेला असतो. लग्न झाल्यापासून. मी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ज्याला कशालाच जपायची सवय नाही, त्याच्याबरोबर संसार करून बघ, मग कळेल. खोटं बोलला त्याबद्दल मात्र चांगला झाड त्याला. त्यात मी मध्ये पडणार नाही.”

तिनं नाक पुसलं आणि बाहेर आली.

बाहेर ह्यांनी मॉस्किटो डब्यातून काढलं होतं. उघड्या बोटांनी! आणि उचलता उचलता डावा पंख गळून पडला. आवाजसुद्धा झाला नाही. ह्यांचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं. सवत असली म्हणून काय झालं, इतकी वर्षं एका छपराखाली राहिलो.

ह्यांनी पंख तसाच राहू दिला आणि विमान लेकीपुढे धरलं.

“घे.”

“काय?”

“हातात घे. तेव्हाच द्यायला हवं होतं. इतकं जपून शेवटी काय राहिलं माझ्या हातात? घे, खेळ.”

तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली. “केवढं जड आहे, बाबा!” ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा झाला की मला ती झबल्यातली आठवली. आणि मग माझी कमावती, शहाणीसुरती लेक ते एका पंखाचं विमान उंच धरून “घुर्रर्र” करत खोलीभर धावायला लागली. आरामखुर्चीवरून, दिव्याखालून, वन्संच्या कानाजवळून. कर्नल गुडघे विसरून खाली वाकले. करडा भुगा सगळीकडे गळत होता. “झाडायचं मलाच आहे ना ते!” मावशी ओरडल्या, पण हसतही होत्या.

एक मोठा वळसा घेऊन विमान त्या चिखलानं माखलेल्या तळहातावर उतरलं.

“लग्न होणार,” लेक म्हणाली. “पण परत एकदा जरी खोटं बोललास, तर कळपातून मी तुलाच वेगळं काढीन.”

“नाही बोलणार.”

“मग आत्ता चल आणि ते कपाट दाखव. एकेक रणगाडा हातात घेऊन बघणार आहे मी.”

“बोटांचं तेल...” तो सुरू झाला, तिच्याकडे बघितलं, आणि गप्प बसला. संसाराची सुरुवात चांगली झाली, असं वन्सं माझ्या कानात म्हणाल्या.

दवाखाना जवळच होता. सगळेच निघालो, मावशीसुद्धा. माझा सुजलेला अंगठा काही केल्या चपलेत जाईना. वाकून वाकून घालते आहे, तर दाराबाहेरून “अगं चल, चल, किती वेळ!” अशी हाकाटी सुरू झाली. सगळ्यांच्या आधी बूट घालून जिन्यात कोण उभं होतं, हे शोधायला वन्संची काही गरज नव्हती.